काळ्या रानात घर आणि गटाराचा पत्ता नाही: सांडपाण्याची सोय कशी ठरवली

वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या बाजूच्या काळ्या रानात गावठाणाच्या कडेला आम्ही नवं घर बांधलं. ग्रामपंचायतीचं उघडं गटार आमच्यापासून तीनशे फूट अलीकडेच संपतं आणि भुयारी गटार गावात कुठेच नाही. घरात सहा माणसं. शौचालयाचं पाणी कुठे सोडायचं, या एका प्रश्नाला नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ असे आठ महिने गेले. अशाच जमिनीत घर बांधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा हिशेब आणि चुका इथे मांडतो.

आमच्या भागात सेप्टिक टँकला सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. गवंडी पहिल्याच दिवशी म्हणाले, "सेफ्टी टँक बांधू, शेजारी रिंगा टाकून वीस फुटी शोषखड्डा मारू, विषय संपला." दर सांगितला ५५,००० रुपये. आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. पण खड्डा किती खोल जातो ते पाहावं म्हणून १८ नोव्हेंबरला जेसीबीने एक चाचणी खड्डा काढला आणि पाच फुटांवर उपळ, म्हणजे जमिनीतून पाझरणारं पाणी, लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात दीड फूट पाणी उभं होतं. आजूबाजूला सगळा ऊस, पाटपाणी बारमाही, त्यात पावसाळा नुकताच सरलेला. आमच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड होण्याचं जे कारण, तेच इथेही: वरून पाणी येत राहतं आणि खाली जायला वाट नाही. अशा ठिकाणी वीस फुटी शोषखड्डा म्हणजे विहीरच. तिच्यात मैलापाणी सोडलं की ते थेट भूजलात मिसळतं. शिवाय गवंड्यांनी दाखवलेल्या जागेपासून शेजारच्या आबांची विहीर चाळीस फुटांवर होती. आयएस २४७० हे भारतीय मानक पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शोषव्यवस्था यांत किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट अंतर मागतं. राहत्या घरापासूनचं अंतर किमान ६ मीटर.

तो खड्डा बघून पोटात गोळा आला, कारण घराचा पाया तोवर भरून झाला होता. पण सगळं ठरलं ते त्या खड्ड्यामुळेच. टाकी कोणती घ्यायची, हे ठरवणं सोपं. टाकीतून रोज जेवढं पाणी आत येतं तेवढंच बाहेर पडतं, आणि ते कुठे जाणार हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही, जमिनीत मिळतं.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाझर चाचणी घेतली. ती घरच्या घरी होते आणि खर्च काहीच नाही. प्लॉटवर तीन ठिकाणी फूटभर रुंद खड्डे घ्यायचे, ज्या खोलीवर पाणी सोडणार तेवढे खोल. कुदळीने काळ्या मातीच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खरवडून घ्यायच्या. तळाला दोन इंच खडी टाकायची. त्यावर फूटभर पाणी भरायचं आणि रात्रभर जिरू द्यायचं. ही रात्र चुकवू नये. सकाळी खडीच्या वर १५० मिलिमीटर पाणी ठेवायचं आणि अर्ध्या तासात ते किती उतरलं ते पट्टीने मोजायचं. त्यावरून पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं. आमच्या तीन खड्ड्यांत पाणी ९, ७ आणि ११ मिलिमीटर उतरलं. म्हणजे ८३, १०७ आणि ६८ मिनिटं.

मानकाचा हिशेब असा. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा किंवा शोषचर (पाणी जिरवायला खडी भरलेला लांब, उथळ चर), दोन्ही चालतात. ३० ते ६० मध्ये फक्त शोषचर. ६० च्या पुढे जमिनीच्या भरवशावर राहायचं नाही, पाणी आधी गाळणीतून काढायचं. आमचे तिन्ही खड्डे ६० च्या पुढे.

हीच चाचणी मे महिन्यात, मातीला बोटबोट भेगा पडलेल्या असताना घेतली तर निकाल उत्तम येतो, कारण पाणी भेगांतून धावतं. जुलैमध्ये माती फुगते, भेगा मिटतात आणि तोच खड्डा तुंबतो. गावात निकामी झालेले बरेच शोषखड्डे असेच उन्हाळ्यात खोदलेले आहेत. काळ्या रानात चाचणी पावसाळा संपल्या संपल्या घ्यावी. उशीर झालाच, तर भेगा पाण्याने पूर्ण मिटेपर्यंत दोन-तीन दिवस खड्डा भरत राहावं.

डिसेंबरभर पर्याय तपासले. पहिला दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचा. याबद्दल आमच्या मनात आदर आहे. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला दोन वर्षं बंद ठेवायचा. त्यातला मैला मातीसारखा कोरडा होतो आणि खत म्हणून निघतो. टँकर नको, वायुनळी नको. जत, आटपाडी, खानापूरच्या मुरमाड माळावर घर असतं तर दुसरं काही पाहिलंच नसतं. काळ्या मातीतही खड्ड्याच्या जाळीदार बांधकामाबाहेर फूटभर वाळू किंवा बारीक खडीचं वेष्टण दिलं की तो चालतो. पण खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत दोन मीटर तरी अंतर लागतं. आमच्याकडे पाणीच पाच फुटांवर, तेव्हा तो पर्याय तिथेच मिटला. स्वच्छ भारत मिशनच्या १२,००० रुपये प्रोत्साहन रकमेत आम्ही बसत नव्हतो. आपण बसतो का, हे बांधकामाआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं.

दुसरा पर्याय तयार बायोडायजेस्टर टाकीचा, म्हणजे जिवाणूंकडून मैला कुजवणाऱ्या टाकीचा. मूळ तंत्र डीआरडीओने अतिथंड भागातल्या जवानांसाठी विकसित केलं आणि पुढे रेल्वेच्या डब्यांतही ते आलं. तंत्र चांगलं आहे. आम्हाला ४२,००० रुपये दर मिळाला. विक्रेता म्हणत होता, बाहेर पडणारं पाणी शुद्ध असतं, कुठेही सोडा. हे खरं नाही. त्या पाण्यातला मैल्याचा भार कमी होतो, रोगजंतू राहतातच. म्हणजे टाकीनंतरची व्यवस्था तेवढीच लागणार, आणि तिचा खर्च त्या ४२,००० मध्ये धरलेला नव्हता. तयार प्लास्टिकच्या सेप्टिक टाकीत आमच्या जमिनीपुरता आणखी एक धोका निघाला. पाणथळ जागी पुरलेली टाकी उपसली की हलकी होते आणि भोवतालचं पाणी तिला वर उचलतं. दोन हजार लिटरची टाकी पूर्ण पाण्यात असेल तर तिला खालून दोन टनांचा रेटा बसतो. खाली काँक्रीटचा तळ करून टाकी त्याला पट्ट्यांनी बांधली नाही, तर पाइप तुटतात.

गोबरगॅसला शौचालय जोडण्याचाही विचार केला. चार-पाच जनावरं असतील तर याहून चांगली सोय नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो शेण लागतं. दावणीला एक म्हैस. गणित जमलं नाही.

शेवटी उरली ती तीन टप्प्यांची व्यवस्था: बांधीव सेप्टिक टाकी, तिला जोडून खालून वर जाणाऱ्या प्रवाहाची खडीची गाळणी, मग कर्दळीचा खडीचा वाफा. शेवटचं पाणी जमिनीच्या वर घातलेल्या मुरमाच्या भरावात.

८ जानेवारी २०२४ ला ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सोबत नमुना ८ चा उतारा, चालू घरपट्टीची पावती, घराचा नकाशा. महिनाअखेरच्या मासिक सभेतून अर्ज परत आला, कारण नकाशावर टाकीची जागा नुसत्या चौकोनाने दाखवली होती. पुन्हा नकाशा काढला. त्यात टाकीचा उभा छेद, विहिरीपासूनचं आणि शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर मापांसह दाखवलं. आबांकडून संमतीचं पत्र घेतलं. ते घ्यायला गेलो तेव्हा नकाशा सोबत नेला आणि भराव विहिरीपासून पंच्याहत्तर फुटांवर ठेवलाय हे टेपने मोजून दाखवलं. आबांनी तिथल्या तिथे सही केली. २० फेब्रुवारीला परवानगी हातात आली. पहिल्याच खेपेला अंतरं लिहिली असती तर तीन आठवडे वाचले असते.

मापं अशी ठरली. टाकीची आतली लांबी २.४ मीटर, रुंदी ०.९, पाण्याची खोली १.२ मीटर. पोटात साधारण २,६०० लिटर. दहा माणसांसाठी दोन वर्षांनी उपसायची टाकी मानकाच्या तक्त्यात २ मीटर लांब, ०.९ रुंद आणि १.४ खोल आहे. आम्ही लांबी वाढवून खोली कमी केली, कारण खाली पाणी होतं. टाकीच्या दोन तृतीयांश लांबीवर आडभिंत. तिचं भोक तळाशी नको, पृष्ठभागाशीही नको, मध्ये हवं. तळाशी गाळ असतो, वर साय. गाळणीचा कप्पा टाकीच्या तिसरा हिस्सा ते निम्मा धरतात. आमचा १.२ × ०.९ मीटरचा आहे. त्यात तळापासून थोडं वर भोकं पाडलेल्या फरश्या, त्यांवर २० मिलिमीटर खडीचा अडीच फुटी थर.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते पातळ्यांना. २०१९ च्या महापुरात या जागेवर गुडघाभर पाणी आलं होतं, म्हणून जोतं चार फूट घेतलं होतं. त्याच उंचीमुळे मोटारीशिवाय काम झालं. शौचालयाचा ११० मिलिमीटरचा पाइप जमिनीपासून अडीच फुटांवर बाहेर काढला. टाकी दहा फुटांवर. चाळीसात एक उतार धरून तीन इंच उतरले, म्हणजे टाकीत पाइप २७ इंचांवर शिरतो. बाहेर पडतो दोन इंच खाली, २५ वर. गाळणीतून पाणी २१ इंचांवर निघतं, वाफ्यात १८ वर उभं राहतं आणि भरावातल्या नळीत सव्वा फुटावर पोहोचतं. त्यामुळे टाकीचा तळ जमिनीखाली जेमतेम दोन फूट आहे आणि झाकण तीन फूट वर, अंगणातल्या कट्ट्यासारखं. या सगळ्या खुणा गवंड्यांनी पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन घराच्या भिंतीवर खडूने मारल्या, आणि काम संपेपर्यंत त्या पुसू दिल्या नाहीत. जोतं ठरवण्याआधी हा हिशेब केला पाहिजे. जोतं दोन फुटी असतं तर मैलापाण्याची मोटार बसवावी लागली असती, आणि लाईट गेली की शौचालय बंद.

१० एप्रिलला खोदाई सुरू झाली. तेव्हा भूजल नऊ फुटांवर गेलं होतं. टाकीच्या मापापेक्षा सगळीकडून फूटभर जास्त खोदून त्या जागेत आणि तळाखाली मुरूम भरला. काळी माती फुगते तेव्हा भिंतीला रेटते आणि तो रेटा मुरूम सोसतो. तळाला सहा इंच काँक्रीट, भिंती नऊ इंची विटांच्या, प्लास्टर आतून-बाहेरून, आतले कोपरे गोल. झाकणाचा स्लॅब जागेवर ओतू दिला नाही. ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. टाकी बंद करून स्लॅब ओतला की काही दिवसांनी सेंट्रिंगच्या फळ्या काढायला कुणीतरी आत उतरतं. मैला एक थेंब नसला तरी साठलेल्या पाण्याने आणि सडणाऱ्या लाकडाने आतला प्राणवायू संपलेला असतो. नव्या कोऱ्या टाकीत माणसं अशी मेली आहेत. आम्ही जमिनीवर सळई घालून फरश्या ओतल्या, एकवीस दिवस पाणी मारलं आणि मग वरून मांडल्या.

दोन चुका हातात आल्या. दोन्ही ठिकाणी टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड, हवा होता, तिथे गवंड्यांनी येणारा पाइप सरळ भिंतीत घातला आणि जाणाऱ्याला नुसता एल्बो लावला. टी नसेल तर येणारं पाणी टाकीभर ढवळतं आणि वरची साय थेट गाळणीत जाते. गाळणी एकदा तुंबली की सगळी खडी काढून धुवावी लागते. प्रत्येक टीच्या बरोबर वर झाकणही हवं, म्हणजे काठी घालता येते. दुसरी चूक वायुनळीची. ती टाकीवर पाच फूट ठेवून दिली होती. टाकी घराजवळ असेल तर नळी घराच्या माथ्यापेक्षा दोन मीटर वर न्यावी लागते. तोंडाला स्टेनलेस स्टीलची डासजाळी बसवली. लोखंडी जाळी टाकीतल्या वायूने सडते.

१४ मे ला टाकी पाण्याने भरली. नवं प्लास्टर आधी पाणी पितं, म्हणून एक दिवस तसंच सोडून मग खूण केली. चोवीस तासांत पाणी २२ मिलिमीटर उतरलं. गळती जाणाऱ्या पाइपाच्या सांध्यात होती. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. पाइप बाहेर काढून त्यावर सॉल्व्हंट लावला, कोरडी वाळू दाबली, तो खरबरीत भाग भिंतीत बसवला. दुसऱ्या चाचणीत ४ मिलिमीटर. ही चाचणी प्लास्टर उघडं असतानाच घ्यायची, भोवती मुरूम भरल्यावर गळती सापडत नाही.

कर्दळीचा वाफा १३ फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट खोल. तळाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, खाली-वर वाळूचा थर देऊन, नाहीतर खडीने तो फाटतो. खडीतल्या पोकळीत साधारण १,४५० लिटर पाणी मावतं. आमचं शौचालयाचं पाणी दिवसाला १८० लिटरच्या आसपास, म्हणजे पाणी वाफ्यात आठ दिवस थांबतं. ते खडीच्या पृष्ठभागाखाली दोन इंच राहतं, त्यामुळे वास नाही, डास नाहीत. वाफ्याच्या आधी एक गेट व्हॉल्व्ह आहे, पूर आला तर उलटं पाणी गाळणीत शिरू नये म्हणून.

न्हाणी आणि मोरीचं पाणी यात मुद्दाम घेतलं नाही. ते दिवसाला चारशे लिटरच्या पुढे जातं. कपडे धुवायच्या दिवशी एकदम आलेलं पाणी टाकीतला गाळ ढवळून पुढे ढकलतं, आणि स्वयंपाकाचं तेल गाळणीच्या खडीवर थिजतं. त्यासाठी दीड फूट चौरस तेलसापळा, पुढे वेगळा कर्दळ-अळूचा वाफा, उरलेलं पाणी आमच्याच रानाच्या कडेच्या चरात. तेलसापळा दर आठवड्याला काढायचा. दोन आठवडे राहिला की वास सांगतो.

खर्च लिहून ठेवला आहे. विटा २,२०० नग १७,६००, सिमेंट ३२ पोती १२,१६०, क्रशसँड दोन ब्रास १०,०००, सळई ७,८००, पाइप, टी आणि व्हॉल्व्ह ९,४००, खडी दोन ब्रास ७,०००, प्लास्टिक कागद २,६००, मुरूम ४,५००, जेसीबी ३,९००, मजुरी २४,०००. बेरीज ९८,९६० रुपये. पहिल्या दरापेक्षा ४४,००० जास्त. ही रक्कम जड गेली, घरातल्या दोन खोल्यांची फरशी त्यामुळे पुढे ढकलावी लागली.

९ जूनला वापर सुरू केला. आधी टाकी पाण्याने भरून दोन बादल्या गोबरगॅसची स्लरी ओतली. जिवाणूंची पावडर घ्यायची गरज नसते, मैल्यात जिवाणू असतातच. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे थोडा वास येतो, मग बसतो. अ‍ॅसिड आणि फिनेल भसाभस ओतलं तर टाकी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पॅड, वेट वाइप्स, केस आत जाता कामा नयेत.

जुलैच्या पावसात रात्री उठून टॉर्चने झाकणांखाली पाहत होतो. टाकीची पातळी हलली नाही. भरावाच्या उत्तर बाजूला मात्र ओल आली, पायथ्याशी माती रबडी झाली. मुरूम त्या बाजूला पातळ पडला होता. सप्टेंबरमध्ये आणखी एक ट्रॉली टाकून उतार मोठा केला आणि भरावावर नेपियर गवत लावलं. ते पाणी ओढतं आणि म्हशीसाठी कापतानाही वरून कापलं जातं, मातीला हात लागत नाही. त्या भरावात भाजी लावायची नाही.

जून २०२५ मध्ये गाळ मोजला. लांब काठीला खालून तीन फूट पांढरा पंचा गुंडाळायचा, तळापर्यंत घालून मिनिटभर धरायचा आणि सावकाश काढायचा. काळा पट्टा जितका उंच, तितका गाळ. आमचा १८ सेंटिमीटर भरला. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश, म्हणजे ४० सेंटिमीटर झाला की टँकर बोलवायचा. झाकण उघडताना जवळ काडी ओढायची नाही, वाकून आत बघायचं नाही, आणि कितीही अडलं तरी माणूस आत उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं गुन्हा आहे. आतला वायू पहिल्या काही श्वासांतच नाकाची वास ओळखण्याची ताकद घालवतो, म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

टँकरची नळी साधारण शंभर फूट पोहोचते, त्या हिशेबाने फाटक आठ फुटी ठेवलं आहे. टँकरवाल्याला मैला कुठे रिकामा करतो हे आधी विचारायचं. ओढ्यात सोडणार असेल तर आठ महिन्यांची ही सगळी खटपट गावाच्या पाण्यात परत जाते. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने २०१८ पासून दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या वेळापत्रकाने उपसून तो मैला प्रक्रिया केंद्रावर नेण्याची पद्धत घातली आहे. तशी सोय आपल्या भागात व्हावी असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीला दिला आहे. तोवर दर जूनला, पाऊस लागण्याआधी, काठी आणि पंचा बाहेर निघेल. पहिलं माप झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलं आहे.